ही कुठली वही? : वाचनालयात नवी वेब-साधनं शिकताना

आमच्या वाचनालयात दाखलनोंद वह्या (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन ज्यांत नोंदवतात त्या) अकरा आहेत. पहिलीला कापडी पुठ्ठा, अकरावीला प्लास्टिकचा. शिवाय देवघेव वही, सभासद वही, नियतकालिकांची वही, मागणी वही, पावती पुस्तकं. गेली २७ वर्षं मी यांतच लिहीत आले. कार्यकारिणीच्या सभेत ‘यंदापासून सगळं ऑनलाइन’ असा ठराव झाला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, तेव्हा पोटात गोळाच आला. वय ५२. व्हॉट्सॲप आणि भाच्यांच्या लग्नाचे फोटो, एवढंच माझं इंटरनेट.

आमचं वाचनालय रत्नागिरी जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज कधी असते, कधी नसते. माणसं मोजून तीन, त्यात झाडलोट करणारे मामाही आले. अशा वाचनालयात काम करणाऱ्या माझ्यासारखीसाठी हे लिहिते आहे. मोठ्या शहरातल्या ग्रंथपालांना यातलं बरंचसं बाळबोध वाटेल, वाटू दे.

मामांची मुलगी कॉलेजात आहे. तिनं पहिल्याच दुपारी मला दहा-बारा गोष्टी भराभर दाखवल्या. ‘काकू, हे बघा, हे किती सोप्पंय!’ रात्री घरी जाऊन आठवायला बसले तर डोक्यात एकही शिल्लक नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं गूगल शीट उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, ‘अगं, ही तर दाखलनोंद वही!’ तिथून मला वाट सापडली. नवीन काही समोर आलं की मी आधी एकच विचारते, ही आपली कुठली वही? शीट म्हणजे दाखलनोंद. फॉर्म म्हणजे मागणी वही. ड्राइव्ह म्हणजे लोखंडी कपाट. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी म्हणजे दारातला फळा. क्यूआर कोड म्हणजे कपाटावरची पाटी, फक्त फोनला वाचता येणारी. ज्याला कुठलीच वही सापडत नाही ते मी बाजूला ठेवते. ‘वाचनालयाची रील्स काढू या’ ही सूचना त्याच कारणानं अजून बाजूला आहे.

पण नुसतं नातं जोडून भागत नाही. प्रत्येक वहीला आपला एक धर्म असतो. दाखलनोंद वहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर लाल शाईनं एक रेघ, बाजूला सही. व्हाइटनर लावलेला दिसला की तपासणीला आलेले साहेब पहिलं बोट तिथेच ठेवतात. देवघेव वहीत कोण काय वाचतं ते दिसतं, म्हणून ती कुणाच्या हातात द्यायची नसते. हे नियम आपल्या अंगवळणी पडलेले आहेत. संगणकाला ते ठाऊक नाहीत. शिकायचं ते एवढंच की आपला नियम त्या साधनाला कसा पाळायला लावायचा.

आधी किल्ली

कुठल्याही साधनाला हात लावण्यापूर्वी वाचनालयाच्या नावानं वेगळं ईमेल खातं काढा. स्वतःचं वापरू नका, डेटा एंट्रीला येणाऱ्या पोराचं तर मुळीच नको. आमच्याकडे हेच झालं होतं. पूर्वी एक मुलगा यायचा, त्यानं स्वतःच्या फोन नंबरावर खातं उघडलं, दीड वर्ष काम केलं आणि पुण्याला नोकरीला गेला. नंबर बदलला, पासवर्ड त्यालाही आठवेना. शतकमहोत्सवाचे सगळे फोटो त्या खात्यात. कपाट आहे, आत माल आहे आणि किल्ली कोणाकडेच नाही.

आता खातं वाचनालयाच्या मोबाइल नंबरावर आहे. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं आहे, म्हणजे पासवर्ड कळला तरी फोनवर आलेल्या खुणेशिवाय कुणाला आत शिरता येत नाही. फोनच पाण्यात पडला तर? (कोकणात हा प्रश्न थट्टेचा नाही.) त्यासाठी गूगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येक आठ आकडी. एक कोड एकदाच चालतो. ते छापून पाकिटात घाला, पाकिटावर कार्यवाहांची सही घ्या आणि कॅशबुकाच्या पेटीत ठेवा. चार्ज देताना शिक्के आणि किल्ल्यांबरोबर हे पाकीटही द्यायचं.

मराठी टायपिंग

याला तीन आठवडे द्या, आधी चिडचिड होणारच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की कळफलक मिळतो. विंडोजची कळ धरून स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मी इन्स्क्रिप्ट नावाची कळांची मांडणी शिकले. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, के वर क, जे वर र, एल वर त, आणि डी वर पाय मोडायचं चिन्ह. एकदा बोटांत बसलं की कुठल्याही संगणकावर तेच. ज्यांना घाई आहे त्यांनी फोनेटिक घ्यावा, इंग्रजी अक्षरांत ‘वाचनालय’ लिहिलं की मराठीत उमटतं. पण एका वाचनालयात दोघींनी दोन पद्धती वापरल्या तर पुढे काय घोळ होतो ते खाली येईलच.

फोनला बोलून लिहिता येतं, हे कळल्यावर मी चार दिवस हवेत होते. शंभर नावं नुसती वाचून दाखवली. नंतर तपासलं तर लेखकाच्या नावाआधीच्या ‘वि. स.’चा ‘वीस’ झालेला. आद्याक्षरं बोलून लिहिण्याचा नाद सोडा. पुस्तकाचं लांब नाव बोला, लेखक हातानं टाका.

जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो काढून गूगल लेन्सनं अक्षरं उचलता येतात. उपयोगी आहे, पण घ चा ध आणि भ चा म झाला नाही ना, ते बघावं लागतं. ऐंशी वर्षांपूर्वीची पिवळी पानं असतील तर टायपिंगच लवकर होतं.

दाखलनोंद वही शीटमध्ये उतरवणं

रकाने वहीतले तेच ठेवा. दाखल क्रमांक, दाखल दिनांक, लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पृष्ठं, किंमत, वर्गांक (विषयानुसार पुस्तकाला दिलेला आकडा), विषय, शेरा. सुधारणा करायचा मोह आवरा. तपासणीच्या दिवशी वहीचं पान आणि पडद्यावरची ओळ शेजारी शेजारी ठेवून दाखवावी लागते. मी फक्त दोन रकाने वाढवले, ‘कपाट’ आणि ‘टोपणनाव’.

एका प्रतीला एक ओळ. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील तर तीन ओळी. ‘प्रती : ३’ असं एका ओळीत लिहिलंत तर त्यातली एक हरवल्यावर कुठली हरवली ते सांगता येत नाही.

क्रमांक, वर्ष आणि किंमत इंग्रजी आकड्यांत टाका. मला हे पटत नव्हतं. वही मराठी, नावं मराठी, मग आकडे का नाही? पहिल्या दोनशे ओळी मी देवनागरी आकड्यांत भरल्या. किमतीची बेरीज मागितली तर शीटनं शून्य दिलं. त्याच्या लेखी ते आकडे नव्हतेच, अक्षरं होती. क्रम लावायला सांगितला तर १ नंतर १०, मग १००, मग २. वाचकांसाठी छापायची यादी देवनागरी आकड्यांत करा, पण हिशोबाची वही त्याला समजेल अशीच ठेवावी लागते.

पहिली ओळ ‘फ्रीझ’ करून ठेवा, म्हणजे कितीही खाली गेलात तरी रकान्यांची नावं डोळ्यांसमोर राहतात. विषयाच्या रकान्याला ड्रॉपडाउन लावा, नाहीतर ‘कादंबरी’, ‘कादंबर्‍या’, ‘कादं.’ असे तीन विषय तयार होतात. दाखल क्रमांकाच्या रकान्याला कंडिशनल फॉरमॅटिंग लावून, एकच क्रमांक दुसऱ्यांदा आला की खण लाल व्हावा अशी सोय करून घ्या. त्याचं सूत्र ‘काउंटइफ’ नावाचं आहे. ते मला मुलीनं लावून दिलं, आणि पाठ करायची गरज मला कधी पडली नाही. त्या लाल खणांनी पहिल्या आठवड्यातच १९८०च्या सुमारास कुणीतरी पन्नास क्रमांक दोनदा टाकले होते, ते काढून दिलं. चाळीस वर्षांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही.

आता माझी सर्वांत मोठी चूक. एका संध्याकाळी मला ग्रंथनामं अकारविल्हे लावायची होती. मी तो एकच रकाना निवडला, डेटा मेनूतून ‘सॉर्ट रेंज’ दाबलं. नावं सुरेख लागली. शेजारचे लेखक, क्रमांक, किमती मात्र जागच्या जागी. म्हणजे १,४०० पुस्तकांची नावं एका झटक्यात दुसऱ्याच लेखकांच्या खात्यावर गेली. तीन दिवस मला पत्ताच नाही. चौथ्या दिवशी एका वहिनींना लोणच्यांचं पुस्तक काढून द्यायला कपाटापाशी गेले तर त्या क्रमांकावर कवितासंग्रह.

तेव्हा ‘व्हर्जन हिस्टरी’ कळली. फाइल मेनूत ती असते. उजवीकडे तारीख-वेळेनुसार आपल्या वहीच्या जुन्या अवस्था दिसतात, कुणी काय बदललं तेही रंगात दिसतं. लाल रेघ आणि सही, दोन्ही तिथे आहे, आपल्याला फक्त माहीत नसतं. मात्र जुनी अवस्था परत आणली की मधल्या तीन दिवसांचं कामही जातं. म्हणून आधी त्या तीन दिवसांत भरलेल्या ओळी वेगळ्या शीटमध्ये उचलून ठेवल्या, मग चार दिवसांपूर्वीची वही परत आणली, मग त्या ओळी शेवटी चिकटवल्या. एवढं करताना हात थरथरत होते.

तेव्हापासूनचे नियम : क्रम लावायचाच असेल तर ‘सॉर्ट शीट’, जे अख्ख्या ओळी हलवतं. नुसतं बघायचं असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’, जे मूळ वहीला हातच लावत नाही. आणि दाखल क्रमांकाच्या रकान्याला ‘प्रोटेक्ट’ करून कुलूप, त्यात माझ्याखेरीज कुणी बदल करू शकत नाही.

अक्षरं दिसतात तशी नसतात

हा भाग सावकाश वाचा. इथे माझा एक अख्खा पावसाळा गेला.

एका वाचकाला वऱ्हाडाविषयीची पुस्तकं हवी होती. शीटमध्ये ‘वऱ्हाड’ शोधलं, दोन सापडली. कपाटात मला डोळ्यांनी पाच दिसत होती. ओळी उघडून पाहिल्या, तिन्हींत ‘वऱ्हाड’ स्वच्छ लिहिलेलं. शोधलं की मात्र सापडत नाही. मला वाटलं, आता माझंच काहीतरी बिघडलं.

बिघाड असा होता. आपल्या त्या आडव्या रफाराचा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर (खाली नुक्ता असलेलं) घेऊन त्याचा पाय मोडतात. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ते येतं. दुसऱ्या रीतीत साधा र, पाय मोडायचं चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत. मी पहिल्या रीतीनं लिहीत होते, मुलगी तिच्या फोनवरून दुसऱ्या. म्हणून वर म्हटलं, दोघींनी दोन पद्धती वापरू नका.

ओळखायचं कसं? शीटमध्ये ‘लेन’ नावाचं सूत्र आहे, ते खणातली चिन्हं मोजतं. पहिल्या रीतीच्या ‘वऱ्हाड’ला ते ६ सांगतं, दुसऱ्या रीतीच्या ‘वर्‍हाड’ला ७. सातवं म्हणजे तेच अदृश्य. ही मोजणी पहिल्यांदा दिसली तेव्हा मी टेबलावर थाप मारली होती, मुक्तद्वार विभागातले पेपर वाचणारे सगळे आजोबा दचकले.

दुरुस्ती सोपी आहे. चुकीच्या रीतीचा तेवढा तुकडा खणातून उचला, कंट्रोल-एच दाबा, ‘शोधा’च्या चौकटीत तो चिकटवा, ‘बदला’च्या चौकटीत बरोबर रीतीचा टाका. आधी एकाच रकान्यावर करा, किती ठिकाणी बदललं तो आकडा वाचा, मग पुढचा रकाना. ‘दुसर्‍या’, ‘शेतकर्‍यांचे’, ‘सह्याद्रीच्या दर्‍या’, मराठी पुस्तकांच्या नावांत हा र किती ठिकाणी येतो ते तेव्हाच समजतं.

तशीच गोष्ट ॲ ची. तो तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक तयार अक्षर ‘ॲ’, दुसरा अ वर चंद्र काढून केलेला ‘अॅ’, तिसरा हिंदी कळफलकातून आलेला ‘ऍ’. आमच्याकडे ‘ॲड.’ लावणारे वकील लेखक आणि भूगोलाचे ॲटलास या तिघांत विखुरले होते. मी तयार ‘ॲ’ हा एकच ठेवला. कुठलाही ठेवा, पण एकच, आणि तो कागदावर लिहून संगणकाच्या वर चिकटवा.

लेखकांच्या नावांचा प्रश्न यंत्रानं नाही, आपणच केलेला आहे. आमच्या अकरा वह्यांत पु. लं. ची नोंद ‘पु.ल. देशपांडे’, ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’ आणि नुसतं ‘पु. ल.’ अशी चार प्रकारे होती. ज्या काळी ज्या ग्रंथपालाचं जे वळण. जुन्या कार्ड कॅटलॉगची शिस्त इथे कामी येते. आडनाव, स्वल्पविराम, मग नाव किंवा आद्याक्षरं, प्रत्येक टिंबानंतर एक जागा. टोपणनावासाठी वेगळा रकाना मी म्हणूनच काढला. लेखकाच्या रकान्यात ‘शिरवाडकर, वि. वा.’ आणि टोपणनावाच्या रकान्यात ‘कुसुमाग्रज’. वाचक दोन्ही नावांनी विचारतो. कविता हवी असली की एका नावानं, नाटक हवं असलं की दुसऱ्या.

ज्यांच्याकडे पूर्वी कुणी श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटात यादी करून ठेवली असेल, त्यांना ती उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. ती फेकू नका. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून देणारी साधनं वेबवर फुकट मिळतात. मात्र आपल्या नेमक्या फाँटाचं नाव निवडावं लागतं, आणि निकाल तपासायला अवघड शब्दांची एक ओळ आधी बदलून पाहा. माझी ओळ अशी आहे : कीर्ती, ज्ञानेश्वर, दृष्टी, ट्रक, शृंगार, बऱ्हाणपूर, विद्यार्थिनी. यात रफार किंवा पहिली वेलांटी भलतीकडे गेली असेल तर अख्ख्या यादीत गेलेली असणार.

वाचकांकडे जाणारा दरवाजा

इथे फार वेळ घालवण्यासारखं काही नाही, फक्त दोन-तीन ठेचा सांगते.

व्हॉट्सॲपचा गट काढू नका, ब्रॉडकास्ट यादी काढा. मी आधी गट काढला. पहिल्या रात्री ‘शुभ रात्री’ची फुलं, दुसऱ्या दिवशी राजकारण, आणि तिसऱ्या दिवशी एका ताईंचा फोन, ‘माझा नंबर सगळ्यांना दिसतोय, मला अनोळखी माणसाचे मेसेज येताहेत.’ सभासद वही मी स्वतःच चव्हाट्यावर मांडली होती. ब्रॉडकास्टमध्ये कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. एका यादीत २५६ जणांपर्यंत घेता येतात, पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनात साठवला आहे त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून वर्गणीच्या पावतीवर मी शिक्काच मारते, ‘हा नंबर सेव्ह करा’.

महिन्यातून जास्तीत जास्त दोन निरोप पाठवते. एक नव्या पुस्तकांचा. दुसरा वर्षातून एकदाच, पण महत्त्वाचा, गणपतीच्या आधीचा. मुंबईचे चाकरमानी आठ-दहा दिवसांसाठी येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं आमच्याकडे वडिलांपासूनचं सभासदत्व आहे. पूर्वी ते येईपर्यंत बरी पुस्तकं गेलेली असायची. आता गूगल फॉर्मचा दुवा जातो. नाव, सभासद क्रमांक, हवी ती तीन पुस्तकं, कधी येणार. त्यांच्या मागण्या आपोआप एका शीटमध्ये पडतात, आणि आम्ही गठ्ठे बांधून वर चिठ्ठी लावून ठेवतो. फॉर्ममध्ये पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक असलं काही विचारू नका. पुस्तक बाजूला काढायला ते लागत नाही.

यादी लोकांना बघायला देताना सभासदांची माहिती त्याच फाइलमध्ये दुसऱ्या पानावर लपवून ठेवू नका. फाइलचा दुवा दिला की ती सगळी फाइल दिल्यासारखी असते. लपवलेलं पान प्रत काढून उघडता येतं. ग्रंथयादीची फाइल वेगळी, सभासदांची वेगळी, आणि दुसरीचा दुवा कुणालाही नाही. यादीच्या दुव्यालाही अधिकार ‘व्ह्यूअर’ एवढाच द्या.

क्यूआर कोड क्रोममध्येच तयार होतो, उजवीकडच्या तीन ठिपक्यांत शोधा. बाहेरच्या फुकट संकेतस्थळावर मी पहिला कोड केला होता. आठ कपाटांवर लॅमिनेट करून लावला. पंधरवड्यानं तो कोड यादीऐवजी पैसे मागणारं पान उघडू लागला. तो कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जायचा, तिथून आमच्याकडे. आठ लॅमिनेशनचे पैसे माझ्या पर्समधून गेले.

संदर्भ विचारला तर

मराठी विश्वकोश वाईहून निघतो, पण तो पाहायला आता खंड उचलावे लागत नाहीत, वेबवर मोफत आहे. जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७च्या आवृत्तीचा, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. नॅशनल डिजिटल लायब्ररी आयआयटी खरगपूरनं उभी केली आहे, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तिथे खातं उघडून द्या. प्रताधिकारमुक्त मराठी पुस्तकांसाठी मराठी विकिस्रोत पाहा. हे चार पत्ते मी ब्राउझरच्या बुकमार्कांत ‘संदर्भ कपाट’ नावाच्या फोल्डरात ठेवले आहेत.

वाचक पीडीएफ मागतात. नवी कादंबरी कुणीतरी स्कॅन करून फिरवत असतं आणि ‘मॅडम, ही तुमच्या यादीवर टाका ना’ अशी गळ घालतात. मी टाकत नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. लेखक १९६४ साली गेला असेल तर त्याचं लेखन २०२५च्या १ जानेवारीला मोकळं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाची तारीखही बघायची, हे मी एकदा विसरले होते.

यापुढची पायरी

शीट हे काही ग्रंथालयाचं खरं सॉफ्टवेअर नव्हे. देवघेव, दंड, आरक्षण हे सगळं एकत्र हवं असेल तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचं ई-ग्रंथालय आहे, आणि कोहा आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी १९९९ साली लिहिलं गेलं. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. तेव्हापासून ते कुणालाही फुकट वापरता येतं. फुकट म्हणजे सॉफ्टवेअर, बसवणारा माणूस फुकट नसतो हे कार्यकारिणीला आधीच सांगा.

कोहात प्रत्येक रकान्याला मार्क नावाच्या पद्धतीतला तीन आकडी क्रमांक असतो. लेखक १००, ग्रंथनाम २४५, आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) ०२०, दशांश वर्गांक ०८२. घाबरू नका, हे तेच आपले रकाने. शीट नीट भरलेलं असेल तर तिथून उचलून नेता येतं. आयएसबीएन टाकला की माहिती आपोआप येते असं सांगतात. इंग्रजी पुस्तकांचं येतं. मराठीचं माझ्या अनुभवात एकतर येत नाही, नाहीतर नाव रोमन लिपीत येतं. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही. टायपिंगचे तीन आठवडे इथे वसूल होतात.

वेळ कुठून काढायचा

अमेरिकेत शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २००६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ गोष्टी’ नावाचा उपक्रम केला होता. वेबवरच्या २३ गोष्टी, ज्यानं त्यानं आपल्या गतीनं करून पाहायच्या. पुऱ्या करणाऱ्याला एमपी३ प्लेअर मिळाला. मला प्लेअर कुणी दिला नाही, आणि मानधनाचा विषय इथे काढत नाही. पण दुपारी चार ते सव्वाचार, शाळा सुटायच्या आधीचा पाव तास मी धरून ठेवला. त्या पाव तासात एकच गोष्ट, आणि ती मुलीच्या हातानं नाही, माझ्या हातानं. ती शेजारी बसून सांगणार, माउसला हात लावणार नाही, असा आमचा करार. करून झालं की एका दोनशेपानी वहीत तारीख घालून पायऱ्या लिहून ठेवते. हो, ही बारावी वही.

शनिवारी सायंकाळी आठवड्याच्या नव्या ओळी छापून फाइलला लावते, आणि पावसाळ्यात देवघेव कागदावरच होते. वीज आली की दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवून घ्यायची. उतरवलेल्या ओळीवर हिरवी टिचकी, म्हणजे दोनदा जात नाही.

आठ वह्या झाल्या, तीन उरल्या आहेत. सहाव्या वहीची काही पानं कौल फुटून भिजली होती, शाई पसरून निळा ढग झाला आहे. ती मी उन्हात, खिडकीपाशी धरून फोनवर फोटो काढते, फोटो कृष्णधवल करते आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. बहुतेक ओळी लागतात. ज्या लागत नाहीत त्यांच्या शेऱ्यात ‘अवाच्य, कपाट पाहावे’ असं लिहून क्रमांक टाकते आणि सोमवारी मामांना शिडी लावायला सांगते.